पंच्याण्णव नको, एनटी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि ज्यांच्या लक्षात राहायला हवं होतं त्यांच्या तर मुळीच नाही.

सत्त्याण्णवचा उन्हाळा. लखनौला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत इंजिनियर, आलमबागच्या कॉलनीत क्वार्टर, मुलगी नुकतीच नववीत गेलेली. मी मूळची सांगलीची. लग्नाआधी तिथल्या एका छापखान्यात पाच वर्षं काम केलं, आधी प्रुफं वाचायचं आणि मग टायपिंगचं. मराठी टायपिंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते. आमचे मालक म्हणायचे, हिच्या पानावर लाल पेन चालवायला जागाच मिळत नाही. मग लग्न झालं, आणि भुसावळ, झाशी, लखनौ असा आमचा प्रवास झाला. पंधरा वर्षं ही बोटं पोळपाटावर चालली. त्याचं दुःख होत होतं का? होत होतं. उगाच खोटं कशाला बोलू?

आदल्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची पत्रिका छापायची होती. ती जबाबदारी माझ्यावर आली, कारण बाकी सगळ्या बायका मोदकांच्या तयारीत होत्या आणि मोदक मला धड येत नाहीत. अमीनाबादच्या एका गल्लीत एक छोटा छापखाना होता, तिथे गेले. मालक साठीचे, पांढरा कुडता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. प्रूफ हातात दिलं. मी तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं आणि सतरा चुका काढल्या. मराठीच्या चुका त्यांना कळण्यासारख्या नव्हत्या, पण खालच्या हिंदी मजकुरातल्या पाचही काढल्या, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "बहनजी, आप यह काम करती रही हैं?"

मी म्हटलं, "करती थी."

"तो अब क्यों नहीं करतीं?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. माहेरच्यांनी नाही, सासरच्यांनी नाही, आणि आमच्या ह्यांनी तर नाहीच नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि निघाले. टेम्पोत बसल्यावर मात्र चारबाग येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता.

पुढचे सहा महिने काही ना काही निमित्त काढून मी तिथे जात राहिले. त्यांच्या ऑपरेटरच्या शेजारी बसून हिंदीचा कळफलक शिकले. थोड्या कळा इकडच्या तिकडे असतात, आठ दिवसांत बोटांनी ओळखल्या. एप्रिलमध्ये त्यांनी मला सरळ विचारलं. एका प्रकाशकाचं मुलांच्या गोष्टींचं पुस्तक आलं होतं, चाळीस पानांचं, जूनअखेर हवं होतं. ते नीट झालं तर त्याच मालिकेतली आणखी अकरा पुस्तकं माझी. घरी बसून करा म्हणाले, मशीन तेवढं तुमचं असू द्या, अक्षरांचं सॉफ्टवेअर मी देतो. आणि खरंच दिलं. तीन फ्लॉप्या, आणि एक लॉक. लॉक म्हणजे काडेपेटीएवढा ठोकळा. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची वायर लागते तिथे तो लावायचा, की मगच स्क्रीनवर हिंदी अक्षरं उमटायची. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. चोरी होऊ नये म्हणून ती सोय. असला महागाचा ठोकळा त्यांनी एका परक्या बाईच्या हातात विश्वासाने ठेवला.

मी छापखान्यातच बसून काम केलं असतं. पण आमच्या घरी ते जमण्यासारखं नव्हतं. "अगं, अफसराची बायको अमीनाबादच्या गल्लीत टायपिंग करत बसणार? उद्या कॉलनीत काय तोंड दाखवू?" असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी भांडले नाही. म्हटलं, बरं, मग घरी मशीन घ्या. आणि काय आश्चर्य, ते एकदम हो म्हणाले! नुसतं हो नाही, उत्साहाने हो. तयार मशीन घ्यायचं नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचं, असंही ठरवून टाकलं. मला इतका आनंद झाला की त्या रविवारी मी श्रीखंड केलं. आता आठवलं की माझीच मला कीव येते.

आठ दिवस जेवणाच्या टेबलावर ते सगळं पसरलेलं होतं. पत्र्याची पेटी, हिरव्या पाट्या, वायरी. आम्ही खाली बसून जेवायचो. ते ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचे. मुलगी कौतुकाने बघत उभी राहायची आणि "पापा, यह क्या है, पापा, वह क्या है" चालायचं. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. माणूस हुशार होता, त्यात वाद नाही. एकही तार चुकली नाही. पहिल्याच झटक्यात पडदा उजळला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

आता राहिला प्रश्न एकच. ह्या मशीनवर घालायचं काय? म्हणजे ज्याच्या जोरावर बाकी सगळं चालतं ती प्रणाली कुठली? तेव्हा घरोघरी विंडोज पंच्याण्णव चालायचं. छापखान्यात तेच होतं, आणि माझ्या फ्लॉप्यांच्या पाकिटावर स्वच्छ छापलेलं होतं की हे पंच्याण्णववर चालेल. दुसरं होतं एनटी. ते ऑफिसांसाठी, मोठ्या कामांसाठी. माझ्या दृष्टीने ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पंच्याण्णव घालायचं आणि कामाला लागायचं.

पण आमचे हे रेल्वेतले. रेल्वेत असं काही होत नाही. रेल्वेत एखादी वस्तू घ्यायची तर आधी तुलनात्मक तक्ता होतो, तीन जणांची समिती बसते, तिघांच्या सह्या होतात, आणि मग ती वस्तू योग्य ठरते. ह्या माणसाने घरातही तेच केलं. मी थट्टा करत नाहीये. फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला. डाव्या बाजूला बारा मुद्दे, उजवीकडे दोन रकाने, एक पंच्याण्णवचा, एक एनटीचा. आणि रविवारी सकाळी समितीला घरी बोलावलं. एक साहेब सिग्नल खात्यातले, एक अकाउंट्सचे. दोघंही आमच्याच कॉलनीतले आणि दोघांनाही कांदेपोहे फार आवडायचे.

आदल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं होतं, "अहो, पाकिटावर लिहिलंय बघा, माझं सॉफ्टवेअर पंच्याण्णववरच चालतं."

म्हणाले, "लिहून दे."

"काय लिहून दे? तोंडाने सांगतेय ना!"

"अगं, तोंडी गोष्टी राहून जातात. युजरची मागणी लेखी असावी."

मी दिली लिहून. घरच्या माणसाला घरातल्या घरात अर्ज! ‘हिंदी टायपिंगचे सॉफ्टवेअर व लॉक चालणे आवश्यक आहे, त्यासाठी विंडोज पंच्याण्णव घालावे.’ खाली सही केली, तारीख घातली. त्यांनी वाचला, कोपऱ्यात हिरव्या शाईने ‘नोटेड’ लिहिलं आणि तक्त्याच्या मागे टाचणी लावून टाकला. मला वाटलं, चला, झालं काम. बाई, ऑफिसातला ‘नोटेड’ म्हणजे काय असतो हे मला कुठे ठाऊक होतं!

समिती बसली. मी पोहे दिले, चहा दिला, परत पोहे दिले. पंखा गरगरत होता, बाहेर लूचे गरम वारे सुरू झाले होते. सिग्नलवाले साहेब म्हणाले, लखनौत दिवसातून चार वेळा बत्ती जाते, एनटीमध्ये बत्ती गेली तरी फाइल सुरक्षित राहते. हा मुद्दा फार मोठा ठरला. अकाउंट्सवाले म्हणाले, एनटीमध्ये प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड असतो, बिटिया आपकी फाइल नहीं खोल पाएगी. कुठल्या फाइली? आमच्या घरात फाइल होती ती एकच, रेशनकार्डाची. पण ह्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि तक्त्यात बरोबरची खूण केली. मग ह्यांनी स्वतःचं मत सांगितलं. पंच्याण्णव काय, मुलांच्या खेळासाठी ठीक आहे, पण आपल्याला काहीतरी ठोस हवं.

मी बशा उचलता उचलता म्हटलं, "मेरा हिंदी का काम उस पर चलेगा ना?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. सिग्नलवाले हसून म्हणाले, "भाभीजी, एनटी तो पंच्यानबे का बाप है. जो इसमें चलेगा, उसमें तो दौड़ेगा."

बारा मुद्द्यांत हिंदीचा मुद्दा नव्हता. मी नंतर तो तक्ता वाचला. वीज होती, पासवर्ड होता, ‘भविष्यातील विस्तार’ होता. एक रकाना होता ‘वापरकर्ता’. त्यात लिहिलं होतं ‘परिवार’. इंजिनांच्या शेडमधून लेखी मागणी आल्याशिवाय एक वॉशरसुद्धा विकत न घेणारा हा माणूस, आणि ज्या बाईसाठी मशीन घेतलं तिची लेखी मागणी टाचणी लावून मागे पडलेली. नऊ विरुद्ध तीन गुणांनी एनटी निवडून आलं. तिघांनी सह्या केल्या. सह्या करताना मात्र अकाउंट्सवाल्यांनी पोह्यांना अजून थोडं लिंबू मागितलं.

दुसऱ्या दिवशी हजरतगंजच्या मागच्या दुकानातला माणूस सीडी घेऊन आला. शहाणा होता बिचारा. माझ्या हातातला लॉक त्याने पाहिला आणि म्हणाला, "साहब, यह एनटी में नहीं पकड़ेगा. एनटी पीछे वाले पोर्ट को सीधे छूने ही नहीं देता. कहें तो दोनों डाल दूँ? जब जो चाहिए, वह खोल लीजिए."

माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही घाला की! कुणाचं काय बिघडलं?

"एका रुळावर दोन गाड्या?" हे म्हणाले. "नाही नाही. समितीने एक ठरवलंय, एकच राहील. लॉकचं काय ते मी बघतो."

लॉकचं काय ते मी बघतो. हे वाक्य मी पुढे दीड महिना ऐकलं.

अर्थातच चाललं नाही. फ्लॉप्या घातल्या, लॉक लावला, सॉफ्टवेअर उघडायला गेले, की इंग्रजीत एक चौकोन यायचा, लॉक सापडत नाही म्हणून. मी बंद करायची, चालू करायची, लॉक काढून पुसून परत लावायची. दहा वेळा, वीस वेळा. मुलगी म्हणाली, "मम्मी, छोड़ो ना, पापा कर देंगे." मी तिच्यावर विनाकारण खेकसले. ती दोन दिवस बोलली नाही.

ह्यांना म्हटलं, "अहो, पंच्याण्णव घाला ना. तो दुकानवाला एका दुपारीत करून देईल."

"घाई करू नकोस. कंपनीला पत्र टाकलंय, त्यांच्याकडून ड्रायव्हर येईल, लॉक ओळखायचा छोटा प्रोग्रॅम. तो एकदा घातला की एनटीवरच चालेल तुझं."

मी विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय करणार? रोज संध्याकाळी ते आले की पाण्याचा पेला हातात देता देता विचारायची, "ड्रायव्हर आला का?" "येतोय." पहिल्या आठवड्यात येतोय, दुसऱ्या आठवड्यात येतोय. बाहेर ऊन अशी आग ओकत होतं की दुपारी खिडकीचे गज हाताला चटका द्यायचे, आणि मी त्या मशीनसमोर हस्तलिखित उघडून बसायची. गोष्टींची चाळीस पानं मी हाताने वहीत नीट उतरवून काढली, जोडाक्षरं तपासली, कुठे पान तोडायचं, चित्राला कुठे जागा सोडायची ते सगळं पेन्सिलीने आखलं. म्हटलं, ड्रायव्हर आला की नुसतं टाइप करायचं राहील, चार दिवसांत उडवून टाकीन. कोल्ह्याची एक गोष्ट तर मला पाठ झाली होती.

इकडे कॉलनीत आमच्या एनटीची वाहवा चाललेली. संध्याकाळी कुणी ना कुणी बघायला यायचं. हे मशीन चालू करून दाखवायचे, तीन कळा एकदम दाबून पासवर्ड कसा घालायचा ते दाखवायचे. एकदा मुद्दाम चालू मशीनचं बटण बंद करून, पुन्हा लावून, "देखिए, कुछ नहीं हुआ" म्हणून दाखवलं. पाहुणे खूश. मी आत चहा करत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. कुछ नहीं हुआ! होणार काय? त्या मशीनवर कुणी काही केलंच नव्हतं, तर जाणार तरी काय होतं?

एकदा पाहुणे गेल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, "सरळ सांगा ना, चुकलं म्हणून. दोन शब्द आहेत. पंच्याण्णव घालून घेऊ, कुणाला कळणारही नाही."

ते शांतपणे म्हणाले, "अगं, ऑफिसात एकदा सही झालेला निर्णय फिरवला ना, तर पुढची पाच वर्षं माणूस खुलासे देत बसतो. समितीच्या त्या दोघांना काय सांगू? बायकोने सांगितलं म्हणून बदललं?"

"हे ऑफिस नाहीये! हे घर आहे!"

ते वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात गेले.

जूनचे शेवटचे दिवस आले तेव्हा माझा धीर सुटला. शेजारच्या फोनवरून मी छापखान्यात फोन लावला. आमचा फोन तेव्हा नेमका बंद होता. म्हटलं, मालकांची माफी मागावी आणि आठ-दहा दिवस वाढवून मागावेत. ते फारच आदबीने बोलले. म्हणाले, "कोई बात नहीं बहनजी, वह किताब तो हो गई. आप अपनी सेहत का ख़याल रखिए. लॉक की भी जल्दी नहीं है, जब सहूलियत हो, भिजवा दीजिएगा."

मला वाटलं, उशीर केला म्हणून रागावले असणार आणि राग लखनवी रीतीने गोड बोलून दाखवतायत. तब्येतीचं का बोलले ते कळलं नाही. इथले लोक बोलता बोलता तब्येतीची चौकशी करतातच, त्यातलाच प्रकार समजले. लॉक परत द्यायला जायला मला तोंड नव्हतं. हे म्हणाले, "मी जाता जाता देऊन येतो." मी म्हटलं, द्या. त्या दिवशी त्यांनी माझी समजूत घालायला हजरतगंजमधून कुल्फी आणली. मी खाल्ली नाही, मुलीने दोन्ही खाल्ल्या.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मशीनवर मुलगी पत्ते खेळायची. मी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातला.

सप्टेंबरात ह्यांच्या ऑफिसात हिंदी पंधरवडा आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: केंद्र सरकारच्या ऑफिसांत दरवर्षी सप्टेंबरात पंधरा दिवस हिंदीचा उत्सव असतो. भाषणं, निबंध, बक्षिसं, वर्षभर इंग्रजीत लिहिणारे साहेब पंधरा दिवस हिंदीत सह्या करतात. त्या वर्षी अधिकाऱ्यांसाठी निबंधस्पर्धा होती, आणि नियम असा की निबंध कॉम्प्युटरवर हिंदीत टाइप केलेला हवा. बिगरहिंदी भाषिकांसाठी वेगळं बक्षीस होतं. बढतीच्या फाइलीत त्याची नोंद जाते म्हणे.

सोमवारी हे ऑफिसातून लवकर आले. हातात राजभाषा विभागाकडून पंधरा दिवसांसाठी आणलेल्या फ्लॉप्या आणि एक लॉक. मागोमाग भाड्याचा प्रिंटर घेऊन दुकानातला तो माणूस. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ह्यांनी त्याला सांगितलं, "एनटी हटा दो, पंच्यानबे डाल दो." बस. समिती नाही, तक्ता नाही, पट्टीने आखलेल्या रेघा नाहीत. मी कणीक मळायला घेतली होती. शेवटची पोळी तव्यावरून उतरली तेव्हा मशीन तयार झालं होतं.

मी बाहेर आले. पडद्यावर हिंदी अक्षरं. मी एक कळ दाबली, क उमटला. दुसरी दाबली, म उमटला. मला रडू आवरेना, आणि राग इतका आला होता की रडायचीही लाज वाटली.

हे हसत म्हणाले, "बघ! आता तुझंही काम होईल. आधी एवढं माझं करून दे. चार पानं आहेत, बुधवारी द्यायचंय. तुझ्याइतकं शुद्ध दुसरं कोण करणार?"

मी त्या रात्रीच्या जेवणाआधी तीन पानं टाइप केली. का केली? सांगते. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. बारा पुस्तकं होती ना मालिकेत? एक गेलं, अकरा राहिली असतील. आता मशीन चालतंय. उद्या ह्यातलं एक पान छापून नेऊन दाखवीन, म्हणेन, बघा, झालं सुरू, एकदा संधी द्या. राग गिळून टाइप करत होते ती त्या आशेवर.

मंगळवारी हे ऑफिसला गेल्या गेल्या मी टेम्पो पकडला. मालक ओळखीचं हसले, खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. मी पान पुढे केलं. त्यांनी ते दूर धरून, जवळ धरून वाचलं. "वाह," म्हणाले. "एक ग़लती नहीं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अब तबीयत कैसी है आपकी?"

मी म्हटलं, "मेरी तबीयत को क्या हुआ?"

ते गोंधळले. पान टेबलावर ठेवलं. शब्द निवडत म्हणाले, "साहब तो जून के पहले हफ़्ते में ही आए थे. मैंने फ़ोन किया था आपके यहाँ, काम का हाल पूछने, तो उन्होंने कहा, मैं ख़ुद आकर बात करता हूँ. कह गए कि आपकी तबीयत ठीक नहीं रहती, और इस काम में आपका मन भी नहीं लग रहा, संकोच में मुझसे कह नहीं पातीं. तो मैंने ज़ोर देना मुनासिब नहीं समझा. पूरी सीरीज़ दूसरी जगह दे दी."

जूनचा पहिला आठवडा. म्हणजे मी ड्रायव्हर आला का विचारत होते तेव्हा काम गेलेलं होतं. कोल्ह्याची गोष्ट वहीत उतरवत होते तेव्हा काम गेलेलं होतं. तीन आठवडे हा माणूस माझ्या हातचं पाणी पीत "येतोय, येतोय" म्हणत होता आणि त्याला ठाऊक होतं. मी मालकांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? परक्या गावात परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं? एवढंच म्हटलं, "हाँ, अब ठीक हूँ," आणि उठले. ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. पुन्हा काही काम निघालं तर सांगेन म्हणाले. पुढची दोन वर्षं, आमची बदली होईपर्यंत, निघालं नाही.

संध्याकाळी हे आले. मी पाण्याचा पेला दिला नाही. ते स्वतःच जाऊन माठातलं घेऊन आले आणि म्हणाले, "झालं का गं चौथं पान?"

मी म्हटलं, "छापखान्यात जाऊन आले. तुम्ही त्यांना काय सांगून आला होतात?"

माझी अपेक्षा होती की चेहरा उतरेल. निदान अडखळतील, काहीतरी बनवून सांगतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, खरंच न कळल्यासारखं विचारलं, "मग दुसरं काय सांगणार होतो? प्रणाली निवडताना मी चुकलो, असं?"

त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती. तेच भयंकर होतं. बायकोला मन नाही, बायकोला तब्येत नाही, हे सांगणं त्यांना सोपं वाटलं होतं, आणि पंच्याण्णव घालायला हवं होतं हे सांगणं अशक्य. एका छापखान्याच्या मालकासमोर, ज्याच्या मताने त्यांचं आयुष्यात काहीच बिघडणार नव्हतं!

मी भांडले. जे तोंडाला येईल ते बोलले, पंधरा वर्षांचं सगळं बोलले. मुलगी दाराशी येऊन उभी राहिली आणि "क्या हुआ, मम्मी?" म्हणाली, तेव्हा थांबले. हे चौथ्या पानाचा कागद मशीनशेजारी ठेवून आत गेले.

आणि मी बसले, आणि ते पान टाइप केलं. एकही चूक न करता. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

ह्या माणसावरचा माझा राग केव्हाच निवला. म्हातारे झालोत आता दोघंही, औषधांची एकमेकांना आठवण करून देतो. पण ते चौथं पान मी का टाइप केलं, ह्याचा राग आजही येतो, आणि तो माझा मलाच येतो.